बेचिराख : बंडाचे वाङ्मय आणि ओस पडलेले गाव

गेल्या मार्गशीर्षात जव्हारला एका व्याख्यानासाठी जाण्याचा योग आला. 'मराठीतील बंडाचे वाङ्मय' असा विषय मीच सुचविला होता. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी मला दाभोशाचा धबधबा दाखवावयास घेऊन गेला. तो तिकडच्याच एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. लेंडी नदी दाभोशाला सुमारे ३०० फूट खाली कोसळते. पण मार्गशीर्षात तिची धार रोडावलेली होती, आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवसाची आठवण राहिली ती धबधब्याची नव्हे. परततांना आम्ही एका पाड्यावरून आलो. दहाबारा घरांपैकी सातआठ घरांच्या कड्या बाहेरून लावलेल्या होत्या. अंगणात कोंबड्यांची रिकामी डालगी पडली होती. एका ओट्यावर एक म्हातारी दोन लहान मुलांना घेऊन बसली होती. बाकीची माणसे कोठे गेली, असे मी विचारले. विद्यार्थी म्हणाला, "जगायला गेली, सर. भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर. दिवाळी झाली की जातात, ती पावसाच्या तोंडाशी येतात."

'जगायला गेली' हे शब्द मला चटका लावून गेले, पण त्याहून एक निराळी गोष्टही त्यांनी माझ्या ध्यानात आणून दिली. आदल्या संध्याकाळी व्याख्यानाच्या भरात मी 'गावेच्या गावे बेचिराख झाली' असे एक ठराविक वाक्य उच्चारले होते. बेचिराख ह्या शब्दात आपल्याला राख दिसते. आग लागून जे भस्मसात झाले ते बेचिराख, असा आपला समज असतो. वास्तविक ह्या शब्दाचा राखेशी काही संबंध नाही. फारसीतील 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. महसुली दप्तरांत ओसाड गावाला हाच शब्द लावलेला आढळतो. आग न लागताही गाव बेचिराख होऊ शकते. माणसे उठून गेली, दिवा लावावयास कोणी उरले नाही, की पुरे.

दाभोशाकडचे पाडे दिवाळी सरली की अर्धेअधिक अंधारतात, आणि मृगाच्या सुमारास पुन्हा उजळतात. हे दारिद्र्याचे स्थलांतर आहे. त्याला दुःखाची कमतरता नाही, परंतु त्याला परतीची वाट आहे. ज्या गावांत दोन बाजूंच्या बंदुकांच्या भीतीने दिवा विझतो, तेथे ही वाट उरत नाही. तेव्हा बंडाच्या वाङ्मयावर बोलतांना मी एक प्रश्न विचारावयास विसरलो होतो, असे मला त्या पाड्यावर वाटले. आपल्या ग्रंथांनी बंडखोराचे चित्र काढले आहे, बंड मोडणाऱ्याचेही काढले आहे. पण जो दोहोंपैकी कोणीच नव्हता आणि ज्याला घराची कडी लावून निघावे लागले, त्याचे काय? हा प्रश्न मनात धरून मी तीन मराठी पुस्तके पुन्हा वाचली. त्यांवरून जे सुचले ते येथे मांडीत आहे.

पहिले पुस्तक विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक ब्राह्मण कर्जाने गांजलेला होता. उत्तरेत शिंद्यांच्या बायजाबाई मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी वार्ता ऐकून तो १८५७ साली काकांबरोबर निघाला, आणि बरोबर बंडाच्या तोंडात जाऊन पडला. १८५८च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोज याने झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा गोडसे शहरातच होते. ह्या पुस्तकातील राणी लक्ष्मीबाईची चित्रे, विशेषतः काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग, प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी आणि वक्त्यांनी नेमके तेवढेच वेचून घेतले आहे.

परंतु ह्या पुस्तकाची खरी शक्ती मला अन्यत्र दिसते. शहर पडल्यावर जी कत्तल व लूट झाली तिचे वर्णन करतांना गोडसे हिशेबनीस होतात. लुटीलाही क्रम होता, हे त्यांनी टिपले आहे : आधी सोनेरुपे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, मग धान्य. संसार कोणत्या क्रमाने नाहीसा होतो हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्यालाच असे लिहिता येते. वाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला त्याची हळहळ ते तितक्याच तपशिलाने करतात. शौर्याची गाथा लिहिणारा लेखक रणाकडे पाहतो. गोडसे पाणी, लपण्याची जागा, भूक आणि वाट ह्यांच्याकडे पाहतात. पळणाऱ्या माणसाची दृष्टी ती हीच. ह्या अर्थी 'माझा प्रवास' हे बंडाचे पुस्तक असण्यापेक्षा बंडात सापडून परागंदा झालेल्या माणसाचे पुस्तक आहे, आणि ह्या जातीचे त्याच्या तोडीचे दुसरे पुस्तक मराठीत निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गोडसे यांची नजर मुख्यतः आपल्या वर्गाच्या माणसांवर असते. ज्यांच्या घरी ते उतरले, ज्यांच्याकडे दक्षिणेची आशा होती, त्यांचे हाल आपल्याला कळतात. झाशीच्या सामान्य कारागिराचे आणि मजुराचे काय झाले, हे आपल्याला त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहावे लागते. शिवाय गोडसे यांना घर होते. सारी मिळकत गमावली तरी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला आईबापांपाशी परत आले. झाशीचे रहिवासी कोठे परत गेले असतील?

आणखी एक गोष्ट ह्या पुस्तकाविषयी सहसा कोणी बोलत नाही, पण माझ्या विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गोडसे यांनी ही हकीकत आपण होऊन लिहिली नाही. चिंतामणराव वैद्य यांनी त्यांना लिहावयास लावली. बंडानंतर पाव शतकाने ती कागदावर उतरली, आणि १९०७ साली वैद्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. वैद्यांनी भाषेत व मजकुरात पुष्कळ फेरफार केले हे खरे, आणि त्यामुळे मूळ प्रत वाचकांपुढे येण्यास १९६६ साली दत्तो वामन पोतदारांची वाट पाहावी लागली. पण वैद्यांनी विचारलेच नसते तर? वरसईच्या एका भिक्षुकाने ती कहाणी नातवंडांना सांगितली असती, आणि ती त्यांच्याबरोबर संपली असती. परागंदा माणसाची साक्ष आपोआप वाङ्मय होत नाही. ती विचारणारा, ऐकणारा आणि जपून ठेवणारा कोणीतरी लागतो.

दुसरे पुस्तक आमच्या व्याख्यानाच्या जागेपासून फार दूरचे नव्हते. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी १९४५ साली वेठबिगार आणि लग्नगड्याची गुलामी झुगारून दिली, त्याची ही हकीकत. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको सावकाराचे जन्माचे गडी होत, ही प्रथा ज्यांना ठाऊक नाही त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. मे १९४५ मध्ये झरी येथे परिषद भरली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्यास जमलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसे मेली. पुढे परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले.

वाङ्मय म्हणून ह्या पुस्तकाचा गुण त्याच्या साधेपणात आहे. लेखिका कायद्याची पदवीधर व चळवळीची पुढारी असूनही, ज्या ज्या ठिकाणी ती आपले अज्ञान कबूल करते त्या त्या ठिकाणी पुस्तक उंच जाते. उलट जेथे निष्कर्ष आधी ठरून मग प्रसंग येतो, तेथे वारली माणूस मागे सरतो आणि सभा पुढे येते. तरीही एका गोष्टीत हे पुस्तक मला बोधप्रद वाटले. तलवाड्याला बंदुका एकाच बाजूला होत्या. लाठ्याकाठ्या घेऊन जमलेल्या लोकांवर अन्याय झाला, रक्त सांडले, पण त्या लढ्यात गाव सोडून जाणे हा मार्ग नव्हता. गावातच राहून वेठ नाकारणे, हाच लढा होता. हद्दपार झाली ती पुढारी मंडळी. वारली आपल्या पाड्यावरच राहिला. म्हणूनच ह्या पुस्तकाला 'जागा होण्या'चा शेवट लाभला. जागे व्हावयासदेखील स्वतःचे घर लागते.

तिसरे पुस्तक विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाने ती लिहिली आहे, आणि त्यामुळे तिच्यातील माडिया माणूस पुस्तकी नाही. जंगल खात्याचा शिपाई, ठेकेदार, व्यापारी ह्यांनी नाडलेला तरुण बंदुकीकडे कसा ओढला जातो, हे तिच्यात सहानुभूतीने आणि तरीही भाबडेपणा न करता दाखविले आहे. मराठी मध्यमवर्गाला भामरागडच्या अरण्याची ओळख करून देण्याचे मोठे काम तिने केले. परंतु तिच्या नावातच तिची कक्षा आहे. नक्षलवादी कसा जन्माला येतो हा तिचा प्रश्न आहे. तो जन्मल्यावर आणि त्याच्या मागावर सरकार आल्यावर गावाचे काय होते, हा प्रश्न पुढचा आहे. आणि त्याचे उत्तर देणारे पुस्तक मराठीत अजून व्हावयाचे आहे.

हा पुढचा प्रश्न किती मोठा आहे, हे थोडक्यात सांगतो. १९८० साली नक्षलवाद्यांची पथके गोदावरी ओलांडून आजच्या गडचिरोलीत आणि बस्तरात शिरली. रात्री येऊन जेवण मागणाऱ्याला नाही म्हणावे तर जिवाची भीती, आणि जेवण घातले तर सकाळी पोलिसांची चौकशी, ही कोंडी तेव्हापासून त्या मुलखाच्या नशिबी आली. पोलिसांचा खबऱ्या ठरवून गावकऱ्यांना ठार मारण्यात आले, आणि अशा घरांतील माणसे तालुक्याच्या गावाच्या आश्रयाला आली. इंद्रावतीपलीकडे तर ह्याहून भयंकर घडले. जून २००५ मध्ये दंतेवाडा जिल्ह्यात सलवा जुडूम सुरू झाले. नक्षलवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांनाच उभे करण्याच्या ह्या उद्योगात गावेच्या गावे रिकामी करून रस्त्याकडेच्या छावण्यांत आणण्यात आली. सरकारी आकड्यांप्रमाणेही ह्या छावण्यांतील माणसे ४० हजारांहून अधिक होती. जे छावणीत गेले नाहीत त्यांतील हजारो लोक गोदावरीच्या खोऱ्यात, त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्याच्या जंगलात, पळून गेले. छावणीत गेलेल्याला नक्षलवाद्यांनी शत्रू मानले, जंगलात राहिलेल्याला सरकारने. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून शस्त्रे देण्याची ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. न्यायालयाच्या निर्णयाने शस्त्रे परत घेता येतात. विझलेला दिवा त्याने लागत नाही.

आता दिवस पालटले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती ह्या ज्येष्ठ पुढाऱ्याने आपल्या साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. शस्त्र ठेवणाऱ्यासाठी सरकारची योजना आहे, बक्षीस आहे, घरकुल आहे. ते असू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याने शस्त्र कधी हाती धरलेच नाही, आणि जो केवळ भ्याला म्हणून निघून गेला, त्याच्यापाशी खाली ठेवावयास काहीच नाही. त्याला कोण बोलावणार?

ह्या बाबतीत आपल्या पूर्वजांची भाषा आपल्या भाषेहून अधिक संपन्न होती, हे कबूल केले पाहिजे. शिवकालापासून पेशवाईपर्यंतच्या कागदपत्रांत स्वारीशिकारीच्या धामधुमीने रयत 'परागंदा' झाल्याचे उल्लेख ठिकठिकाणी येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ येतो तो 'कौल'. गावी परत या, कसलाही उपसर्ग लागणार नाही, सारा पहिली काही वर्षे कमी व मग चढत्या इस्ताव्याने घेतला जाईल, असे अभय त्यात असे. ह्यात सरकारचा स्वार्थ होता. ओस जमिनीवर सारा मिळत नाही. तथापि परागंदा माणूस हा परत बोलावण्याजोगा माणूस आहे, ही समज त्या शब्दात होती. आज आपण सर्वांना 'स्थलांतरित' म्हणतो. वीटभट्टीवर गेलेला स्थलांतरित, आणि गोळीच्या धाकाने गेलेलाही स्थलांतरित. १९९० साली काश्मीर खोऱ्यातून जीव घेऊन निघालेल्या पंडितांनाही सरकारी दप्तराने 'मायग्रंट' हेच नाव दिले. धरणग्रस्ताला निदान स्वतःचे नाव आहे, आणि त्या नावावर कायदा उभा आहे. बंदुकीने उठविलेल्या माणसाला मराठीत चालते नाव नाही आणि देशात त्याच्यासाठी स्वतंत्र कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली देशांतर्गत विस्थापितांसाठी मार्गदर्शक तत्त्वे केली, पण ती कोणावर बंधनकारक नाहीत. मनात आणले तर कौल देता येतो, हेही आपण पाहिले आहे : १९९७ साली मिझोराममधून पळालेल्या ब्रू लोकांना जानेवारी २०२०च्या कराराने त्रिपुरात कायमचे वसविण्याचे ठरले. मात्र त्यासाठी २२ वर्षे लागली.

येथे कोणी विचारील की, हे सारे खरे असले तरी वाङ्मयाचा ह्याच्याशी काय संबंध? कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. माझे उत्तर निराळे आहे, आणि ते मला दाभोशाच्या त्याच विद्यार्थ्याकडून मिळाले.

परतीच्या वाटेवर मी त्याला सहज विचारले, शाळा सुटल्यावर काय करतोस? तो म्हणाला, "वनहक्काच्या दाव्यांसाठी म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतो, सर." कोणत्या ओढ्यापासून कोणत्या झाडापर्यंत कोणाचा बाप नागली पेरीत असे, देव कोठे होता, मसणवट कोठे होती, हे तो त्यांच्याच बोलीत उतरवून घेतो. २००६च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासीला कसत्या वनजमिनीवर हक्क मिळतो, परंतु १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ती त्याच्या ताब्यात असली पाहिजे. आणि त्याचा पुरावा म्हणून गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदन नियमांनी ग्राह्य धरले आहे.

ती तारीख ऐकून मी थांबलो. सलवा जुडूम त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुरू झाले होते. म्हणजे बस्तरातील कित्येक माणसे कायद्याच्या तारखेच्या दिवशी आपल्या जमिनीवर नव्हती. आणि खम्ममच्या जंगलात त्यांनी जी नवी जमीन साफ केली, ती त्या तारखेनंतरची. एका ठिकाणी ती गैरहजर, दुसऱ्या ठिकाणी ती उपरी. तारखेपूर्वी बेकायदा हुसकावलेल्यांच्या पुनर्वसनाची तरतूद त्याच कायद्यात आहे. पण आपल्याला हुसकावले आणि अमुक ठिकाणाहून हुसकावले, हे सिद्ध कशाने करावयाचे? ज्या गावात दिवा नाही तेथे साक्षीदारही नाही. सर्वस्व गेलेल्या माणसापाशी उरते ती फक्त आठवण, आणि ती बाळगणारे म्हातारे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.

गोडसे यांच्या पुस्तकातील लुटीचा क्रम, विहिरी, वाटा आणि घरे मला ह्या प्रकाशात पुन्हा दिसू लागली. ज्या गुणांमुळे ते पुस्तक श्रेष्ठ वाङ्मय ठरले, त्याच गुणांमुळे ते उत्तम साक्षही ठरते : प्रत्यक्ष पाहिलेले सांगणे, स्थळ न चुकविणे, आणि पदरचे शौर्य न घालणे. आमच्या टीकाकारांनी, आणि त्यांत मीही आलो, बंडाच्या वाङ्मयाची परीक्षा करतांना आवेश मोजला आणि हा तपशील दुय्यम मानला. ही आमची चूक होती, असे म्हणण्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही.

जव्हारच्या मुकणे घराण्याच्या उदयाची एक दंतकथा ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरात दिली आहे. मूळ पुरुषाने वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, ती मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, आणि त्या वाद्यांनी वेढून सारा मुलूख घेतला. आपण ही कथा चातुर्याची म्हणून हसत सांगतो. त्या वादीच्या आत सापडलेले वारली मग कोठे गेले, हे कथेत नाही, कारण ते त्यांना कोणी विचारले नाही.

इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवरील माणसांची कथा अशीच अर्धी राहू द्यावयाची की काय, हे आता ठरावयाचे आहे. ती गोंडीत आणि माडियात सांगितली जाईल. ती मराठीत आणणारे शिक्षक, परिचारिका, तलाठी, वकील त्या मुलखात आहेत. त्यांनी कादंबरी लिहावी अशी माझी अपेक्षा नाही. वैद्यांनी गोडसे यांना जे केले तेवढेच त्यांनी करावे, आणि वैद्यांनी केलेले फेरफार मात्र करू नयेत. नाव, गाव, ओढा, झाड, साल, आणि निघतांना चुलीवर काय होते, एवढे विचारून जसे सांगितले तसे लिहून ठेवावे. तो कागद उद्या कचेरीत दाखविता आला तर माणसाला जमीन मिळेल. नाही आला तरी त्या गावाचे नाव राहील.

निघतांना मी त्या विद्यार्थ्याची जबाबांची वही चाळली. अक्षर घाईचे होते आणि शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. कॉलेजात असतांना मी त्याच्या निबंधांवर त्यासाठी लाल शाईने रेघा ओढीत असे. त्या दिवशी खिशात पेन असूनही मी ते बाहेर काढले नाही.